हलकी बंदूक की हलकं काडतूस?

पत्र : मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. वय 41, उंची पाच फूट एक इंच. मागच्या महिन्यात ऑफिसच्या लोकांबरोबर क्ले शूटिंगच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडायच्या, मैदानावर गेले होते. एकावर एक दोन नळ्या असलेली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तशी नळी रुंद) बंदूक दिली होती. पंचवीसपैकी सहा तबकड्या फुटल्या आणि मला वेडच लागलं. पण दुसऱ्या दिवशी उजव्या दंडावर वीतभर निळा-जांभळा डाग! हात इतके भरून आले होते की पोळ्या लाटवेनात. तरी स्वतःची बंदूक घ्यायचीच असं ठरवलं आहे. दुकानदार म्हणतो, इटालियन बनावटीची वीस बोअरची सेमी-ऑटो (एक बार झाला की पुढचं काडतूस स्वतःच चढवणारी) घ्या, जेमतेम अडीच-पावणेतीन किलो, बायकांना उत्तम. मैदानावरचे एक जुने सदस्य म्हणाले, सेमी-ऑटोच्या वाटेला जाऊच नका. बजेट हजार पाउंड आहे. सगळ्यात हलकी सेमी-ऑटो कोणती ते सांगा. आणि तीच बंदूक नवऱ्यालाही चालेल ना? तो पाच फूट अकरा इंच आहे.
— निळ्या दंडाची

उत्तर :

निळ्या दंडाच्या ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही ओघात लिहून गेलात. डाग दंडावर पडला आहे, खांद्यावर नाही. तिकडे येतेच. आधी विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते : सगळ्यात हलकी सेमी-ऑटो घेऊ नका. सेमी-ऑटो जरूर घ्या, पण गॅसवर चालणारी, आखूड दस्त्याची (दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग) आणि तीन-सव्वातीन किलोच्या आसपासची. हलकं काही करायचंच असेल तर काडतूस हलकं करा.

दुकानदारानं तुम्हाला फसवलं असं म्हणत नाही. अडीच किलोची बंदूक हातात घेतली की दुकानात फार गोड वाटते. पण दुकानात ती झाडून बघता येत नाही, गोम इथेच आहे. छर्‍यांना पुढे जितका रेटा मिळतो तितकाच बंदुकीला मागे मिळतो, हे शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र. रेटा तोच राहिला आणि बंदूक हलकी झाली, तर ती जास्त वेगानं मागे येते. 28 ग्रॅम छर्‍यांचं एकच काडतूस 3.4 किलोच्या आणि 2.7 किलोच्या बंदुकीतून झाडलं, तर हलक्या बंदुकीच्या धक्क्यातली ऊर्जा साधारण सव्वापट भरते. सातशे ग्रॅम वाचवून तुम्ही दंडावरचा डाग मोठा करून घेणार.

आता उलट बाजूनं बघू. वेग तोच ठेवून 28 ऐवजी 24 ग्रॅमचं काडतूस घेतलं, तर धक्क्याची ऊर्जा पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच उतरते. 21 ग्रॅमचं घेतलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त. म्हणजे चार ग्रॅम शिसं कमी करून जो आराम मिळतो, तो त्या पावणेतीन किलोच्या बंदुकीत वजन वाढवून मिळवायचा म्हटलं तर जवळजवळ पाऊण किलो पोलाद घालावं लागेल. काडतुसांची खोकी बदलायला मात्र काहीच लागत नाही. एवढ्याशा छर्‍यांनी तबकडी फुटेल का, ही शंका मनात आणूच नका. ऑलिम्पिकमधल्या ट्रॅप आणि स्कीट या तबकड्यांच्या प्रकारांना 24 ग्रॅमचीच मर्यादा आहे आणि त्यांच्या तबकड्या तुमच्या ऑफिसच्या सहलीतल्यापेक्षा किती तरी जोरात सुटतात. इथल्या क्लबांत बहुतेक जण 28 ग्रॅम वापरतात, कारण नियमात तितकी मुभा आहे आणि सवयही तीच. नवशिक्यानं त्या सवयीचं ओझं वाहायची गरज नाही. त्या दिवशी तुम्हाला कोणतं काडतूस दिलं होतं ते पत्रात नाही. खोकं आठवत असेल तर त्यावर ग्रॅम छापलेले असतात. पुढच्या वेळी बंदूक हातात घेण्याआधी तो आकडा वाचायचा.

सेमी-ऑटोत दोन जाती आहेत आणि तुमची सगळी निवड या एका फरकावर उभी आहे. पहिली जात गॅसवाली. तिच्या नळीला खालून बारीक भोक असतं. बार उडाला की थोडा गॅस त्यातून खाली येतो, पिस्टन ढकलतो, पिस्टन बोल्टला, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या खिट्टीला, मागे नेतो, रिकामं टरफल उजवीकडे उडतं आणि पुढचं काडतूस नळीत चढतं. या सगळ्या हालचालीत धक्का थोड्या लांब वेळात वाटला जातो. एकूण रेटा तोच, पण चापट बसण्याऐवजी कुणी तळहातानं ढकलावं तसं वाटतं. बेरेटाची ए300, तिच्याहून महाग असलेली ए400, विंचेस्टरची एसएक्स4, ब्राउनिंगची मॅक्सस, 1963 मध्ये आलेली रेमिंग्टन 1100, या सगळ्या गॅसवाल्या. तुर्की बनावटीच्या हॅट्सन एस्कॉर्टसारख्या स्वस्त बंदुकाही याच जातीच्या.

दुसरी जात जडत्वावर चालणारी, इथे तिला 'इनर्शिया' म्हणतात. ही पद्धत बेनेलीनं नावारूपाला आणली. फ्रँकी आणि स्टोगर यांच्या अलीकडच्या बहुतेक सेमी-ऑटोही याच पद्धतीच्या आहेत. यात गॅसला काही काम नसतं. बार उडताच अख्खी बंदूक मागे येते, जड बोल्ट मात्र क्षणभर जागीच राहतो, मधली जाड स्प्रिंग दबते आणि मग तीच बोल्टला मागे फेकते. कल्पना सुरेख आहे. भाग कमी, काजळी कमी, वजन कमी. पावसात-चिखलात बदकांमागे हिंडणाऱ्या शिकाऱ्यांना ही बंदूक आवडते ती उगाच नाही. पण तिला चालायलाच मागचा धक्का लागतो. धक्का खाऊन टाकणारं काही तिच्यात नाही आणि हलकं काडतूस दिलं तर कधी कधी बोल्ट पुरता मागे जात नाही, टरफल बाहेर पडायच्या खिडकीतच अडकून बसतं.

दुकानदारानं सुचवलेली बंदूक इटालियन, वीस बोअरची आणि जेमतेम अडीच-पावणेतीन किलोची आहे. ती बहुधा याच दुसऱ्या जातीतली असणार. खात्री करून घ्या. तसं असेल तर तुम्हाला दोन्हीकडून मार बसेल. हलकी म्हणून जास्त धक्का देणार, आणि धक्का कमी करायला हलकं काडतूस घालावं तर अडून बसणार. ती बंदूक वाईट नाही, तुमच्या कामाची नाही. दिवसभर डोंगरात वाहून न्यायची आणि चार-पाच बार काढायचे, यासाठी ती घडवलेली आहे. तुम्ही एका दुपारी पन्नास-शंभर बार काढणार आणि दोन बारांच्या मधल्या वेळात ती रॅकवर ठेवणार.

आता दंडावरच्या डागाकडे. खांद्याचं हाड आणि गळ्याखालचं आडवं हाड यांच्यामध्ये, छातीच्या वरच्या कडेला एक खोबण असते. उजवा हात पुढे करून कोपर थोडं वर उचललं की डाव्या हाताच्या बोटांना ती लागते. दस्त्याचा मागचा भाग तिथे बसायला हवा. तुमचा दंडावर बसला. का बसला, याचा माझा अंदाज असा : दस्ता तुम्हाला लांब होता. बाजारातल्या बहुतेक बंदुकांचा दस्ता चाप ते टोक साधारण साडेचौदा इंच असतो, म्हणजे मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मापाचा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला तेरा-साडेतेरा इंच पुरतो. लांब दस्ता वर आणताना काखेत अडकतो, मग माणूस तो बाहेरच्या बाजूनं फिरवून आणतो आणि तो दंडावर टेकतो. दंडात पाठीशी आधार नाही, नुसता स्नायू आणि हाड. डाग पडणारच.

हात भरून आले त्याचंही बरंचसं कारण तेच. लांब दस्त्यामुळे बंदुकीचं सगळं वजन शरीरापासून दूर पुढे जातं. ते सावरायला आपण नकळत कंबरेतून मागे झुकतो आणि डावा हात वजन तोलून तोलून थकतो. तीच बंदूक दीड इंच आखूड दस्त्यावर बसवली तर काट्यावर वजन तेवढंच भरेल, पण हाताला हलकी लागेल. म्हणून म्हणते, वजनाचा आकडा विचारण्याआधी दस्त्याचं माप विचारा. शॉटगनच्या, म्हणजे छर्‍यांच्या बंदुकीच्या, नवशिक्यांना, त्यातही बायकांना, जो त्रास होतो तो माझ्या मते निम्म्याहून जास्त मापाचा असतो. दोष मात्र वजनाला आणि 'बायकांच्या ताकदी'ला दिला जातो. हे ऐकून ऐकून मी कंटाळले आहे.

इथे सेमी-ऑटोचा एक फायदा सांगायला हवा. बहुतेक नव्या सेमी-ऑटोच्या डब्यात दस्ता आणि बंदुकीचं धड यांच्यामध्ये घालायच्या पातळ चकत्या येतात. त्या बदलून दस्ता खाली-वर आणि डावीकडे-उजवीकडे थोडा वळवता येतो. लांबी मात्र चकत्यांनी फारशी कमी होत नाही. त्यासाठी कॉम्पॅक्ट किंवा युथ मापाचा दस्ता मागा, नाहीतर बंदूक-कारागिराकडून कापून घ्या. लाकडी दस्ता कापून मागे रबरी गादी बसवणं हे त्यांचं रोजचं काम आहे. कापलेला तुकडा टाकू नका, बंदूक विकताना घेणारा विचारतो.

मापातला दुसरा भाग म्हणजे गाल. स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं तेव्हापासून आपल्या लोकांना रायफलचा नेम ठाऊक झाला आहे : श्वास रोखायचा, मागची खाच आणि पुढची माशी जुळवायची, हळूच चाप दाबायचा. शॉटगनमध्ये यातलं काहीच नाही. मागची खाच मुळी नसतेच, तिचं काम तुमचा डोळा करतो. नजर उडणाऱ्या तबकडीवर, बंदूक तिच्यामागून वळत असते आणि वळण न थांबवता चाप ओढायचा. अथेन्सला 2004 मध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं ते याच जातीच्या नेमानं. आता डोळा हीच मागची खाच असेल, तर गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकायला हवा. आपला गाल टेकतो तिथे दस्ता खोलगट असेल तर आपण डोकं उचलून बघतो आणि बार उडाला की दस्ता गालफडावर आपटतो. पुढच्या वेळी गालावर डाग पडला तर समजा, दस्त्याची वरची कड उंच करून हवी आहे. चिकटवायची फोमची पट्टी मिळते, ती लावून आधी पडताळा घ्या.

दस्त्याच्या खालच्या टोकाचंही बघा. पुरुषांच्या मापाच्या दस्त्याचं ते टोक आपल्या छातीत रुततं. मागच्या गादीचा कोन थोडा बदलला की रुतत नाही. आणि एक गोष्ट पुरुष प्रशिक्षक सांगायला लाजतात : ब्राच्या पट्ट्याची पुढची कडी दस्त्याखाली आली, तर प्रत्येक बार तिच्यावर हातोडी मारल्यासारखा लागतो. त्या दिवशी कडी नसलेली किंवा ती मागच्या बाजूला असलेली घाला.

बोअरचा प्रश्न. मी तुम्हाला बारा बोअरकडे झुकवते आहे, कारण हलक्या काडतुसांची सगळ्यात जास्त निवड बारा बोअरमध्ये आहे. कुठल्याही मैदानाच्या दुकानात ती मिळतात आणि वीस बोअरपेक्षा बहुधा स्वस्त पडतात. 24 ग्रॅम छर्रे वीस बोअरच्या अरुंद नळीतून काढा नाहीतर बारातून, धक्क्याच्या गणितात फक्त बंदुकीचं वजन मोजलं जातं, आणि ते बाराचं थोडं जास्त म्हणून बारा बरी. तरीही दोन-तीन महिने शिकून झाल्यावर, दस्ता मापाचा करून घेतल्यावरसुद्धा सव्वातीन किलो जड वाटले, तर वीस बोअरची गॅसवाली घ्या. ती बहुधा पावणेतीन ते तीन किलोत बसते. त्यात काही कमीपणा नाही. मग एक नियम मात्र पक्का : वीस आणि बारा बोअरची काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवायची नाहीत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, मागून नळी रिकामी दिसते, त्यावर बाराचं चढवून बार काढला की नळी फुटते. म्हणून वीसची टरफलं बहुधा पिवळी ठेवतात. नवऱ्याची बारा आणि तुमची वीस असं घरात होणार असेल तर हे लक्षात राहू द्या.

नळीची लांबी 28 इंच घ्या. दुकानात 30 ची सांगतील, कारण दोन नळ्यांच्या बंदुकीत हल्ली तेच चालतं. पण सेमी-ऑटोच्या नळीमागे बोल्टचं लांब घर असतं, त्यामुळे 28 ची सेमी-ऑटो तशीही 30 च्या जोडनळीहून लांब भरते. 26 ची तुमच्या हाताला आणखी चपळ वाटेल, पण फार चपळ बंदूक मध्येच थबकते आणि थबकली की छर्रे तबकडीच्या मागून जातात. थोडं वजन पुढे असलं की वळण आपोआप पुरं होतं. बदलायचे चोक, म्हणजे नळीचं तोंड कमी-जास्त आवळणारे तुकडे, डब्यात येतात. पाव चोक लावा आणि वर्षभर त्याकडे बघू नका.

आता त्या जुन्या सदस्यांचं म्हणणं. सेमी-ऑटोबद्दल मैदानांवर नाराजी असते, आणि तिच्यातला एक भाग खरा आहे. जोडनळी मधल्या सांध्यातून उघडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे लांबून कुणालाही दिसतं. सेमी-ऑटोचं पोट दिसत नाही. त्यातून तिचा स्वभाव असा की एक बार झाला की दुसरं काडतूस स्वतःहून नळीत चढतं. पहिली तबकडी फुटली की नवशिकी व्यक्ती आनंदानं मागे वळते आणि हातातली भरलेली बंदूकही तिच्याबरोबर वळते. नवशिक्याच्या हाती सेमी-ऑटो देताना मला याचीच धास्ती असते, धक्क्याची नव्हे. उपाय सोपा आहे आणि तो पाळल्याशिवाय मी कुणाला शिकवत नाही : पहिले काही धडे एका वेळी एकच काडतूस. जोडीच्या तबकड्या नंतर. उभं राहायच्या जागेवरून निघण्याआधी बोल्ट मागे, आत बोट घालून तपासणी आणि खिडकीत भडक रंगाचा झेंडा. नळीचं तोंड सदैव मैदानाकडे.

दुसरी नाराजी टरफलांची. ती उजवीकडे उडतात आणि रांगेत उभं राहून खेळायच्या प्रकारांत शेजाऱ्याच्या कानावर जातात. टरफल अडवायची छोटी पट्टी मिळते, ती लावा आणि आपली टरफलं आपण उचला. तुम्ही डावखुऱ्या असाल तर उजवीकडे टरफल फेकणारी बंदूक तोंडासमोरून फेकेल, तेव्हा डावी आवृत्ती मागा. याच ओघात नजरेची परीक्षा करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून हाताच्या अंगठ्यानं लांबची खिडकी झाका, मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला अंगठा खिडकीवरच दिसतो तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या खांद्यावर बंदूक आणि मुख्य डोळा डावा असेल तर बंदूक घेण्याआधी प्रशिक्षकाशी बोला. पंचवीसपैकी एकोणीस का चुकल्या याचं उत्तर तिथेही असू शकतं.

जोडनळीच घ्या असं सांगणाऱ्यांचा बाकीचा युक्तिवाद मला पटत नाही. तबकड्यांसाठीची चांगली जोडनळी बहुधा साडेतीन किलोच्या आसपास असते, दस्ता मापाचा करून घ्यायला जास्त खर्च येतो आणि धक्का शोषणारं काही तिच्यात नाही. हजार पाउंडांत मिळणारी सेमी-ऑटो नवी असते. हजारांत मिळणारी चांगली जोडनळी जुनी असते. सेमी-ऑटोला इथे पुनर्विक्रीला फार भाव येत नाही हे खरं. त्याचा फायदा तुम्ही घ्या आणि वापरलेली बघा. बेरेटाची 391 उरिका आता बनत नाही, पण वापरलेल्या बाजारात भेटत राहते. ती साफ ठेवलेली मिळाली तर मी डोळे झाकून म्हणेन, घ्या. नळीखालची पुढची मूठ काढून पिस्टन आणि गॅसची भोकं बघा. काजळी दगडासारखी जमली असेल तर मालकानं बाकीही काही सांभाळलेलं नसतं. तुम्हालाही तेच काम आयुष्यभर लागणार आहे. गॅसवाली बंदूक मैदानावरून आल्यावर साफ केली नाही तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला अडायला लागते. हलक्या काडतुसांवर तर आधीच. आणि घेण्याआधी ज्या मैदानावर खेळणार तिथे फायबर वॅडचीच (वॅड म्हणजे काडतुसात छर्‍यांमागे असलेली गादी, प्लॅस्टिकची किंवा फायबरची) सक्ती आहे का, ते विचारा. अनेक ठिकाणी असते, आणि फायबर वॅडचं हलकं काडतूस काही सेमी-ऑटोंना पचत नाही. विकणाऱ्याकडे मैदान असेल तर त्याच काडतुसांची एक खोकी तिथेच झाडून बघायचा आग्रह धरा.

जुनी घेताना आणखी एक. जुलै 2025 मध्ये ब्रिटन सरकारनं शिशाच्या छर्‍यांवर निर्बंध जाहीर केले आहेत, मधे तीन वर्षांची मुदत आहे. तुमची बंदूक त्याहून जास्त वर्षं टिकेल. पोलादी छर्रे चालतात का, हे नळीवरच्या छापावरून दुकानदाराला दाखवायला सांगा.

कायद्याकडे येते. शॉटगन सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय बंदूक विकत घेता येत नाही. अर्ज पोलिसांकडे, डॉक्टरकडून प्रकृतीची माहिती, मग अधिकारी घरी येऊन बंदूक ठेवायचं कुलूपबंद कपाट बघतो. सर्टिफिकेट पाच वर्षांचं. फी 2025 मध्ये बरीच वाढली आहे, ती हजारांतून आधी वजा करा. कपाट आणि कानांची चांगली संरक्षणं हेही त्यातच. सेमी-ऑटो या सर्टिफिकेटवर बसायला मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं मावली पाहिजेत, म्हणजे नळीतलं धरून तीन. नळी 24 इंचांहून आखूड नको. पाच काडतुसांची बंदूक इथे वेगळ्या, जास्त कडक परवान्यात जाते.

सर्टिफिकेटला काही महिने लागू शकतात. ते वाया घालवू नका. पोलिसांनी मान्यता दिलेल्या मैदानावर, ठरलेल्या वेळी, सर्टिफिकेट नसलेल्या माणसालाही तबकड्यांवर मैदानाची बंदूक झाडता येते. तुम्ही ऑफिसबरोबर गेलात तेही याच सवलतीवर. तेव्हा बजेटमधले दीडशे-दोनशे पाउंड बाजूला काढून चार-पाच धडे घ्या. प्रशिक्षकाला फोनवरच सांगा : उंची पाच एक, आखूड दस्त्याची गॅसवाली सेमी-ऑटो हवी, काडतूस 21 किंवा 24 ग्रॅम. आहे म्हणाले तर जा. 'आमच्याकडे सगळ्यांना हीच बंदूक देतो' म्हणाले तर दुसरं मैदान शोधा. दंड पुरता बरा झाल्याशिवाय जाऊ नका. दुखऱ्या जागी बार झेलला की पुढचा बार येण्याआधीच माणूस दचकायला लागतो, आणि ते दचकणं नंतर वर्षभर जात नाही.

आता नवऱ्याचा प्रश्न. कायद्यानं त्याला स्वतःचं सर्टिफिकेट हवं. ते मिळेपर्यंत कपाटाची किल्ली कुठे आहे हे त्याला कळता कामा नये. दाराशेजारच्या खुंट्यांवर घरभरच्या किल्ल्या लटकवायची आपली पद्धत या एका किल्लीपुरती बंद. सासूबाई भारतातून सहा महिने राहायला आल्या तरी त्यांनाही नाही. त्याच्याकडे सर्टिफिकेट आलं की 72 तासांपर्यंतची उसनवारी पोलिसांना न कळवता चालते. बाकी, तेरा-सव्वातेरा इंचाचा दस्ता पाच फूट अकरा इंचाच्या माणसानं खांद्याला लावला तर त्याच्या अंगठ्याची गाठ त्याच्याच नाकावर बसेल. मागच्या गादीखाली घालायच्या अर्ध्या-पाऊण इंचाच्या चकत्या मिळतात, दोन लांब स्क्रू लागतात, तेवढ्यानं त्याचं एका दुपारपुरतं भागेल. पण दर आठवड्याला दस्ता लांब-आखूड करत बसायची वेळ आली, तर त्याला त्याची वेगळी बंदूक घ्यायला सांगा.